भोंग्यानंतरचा तास

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमने त्या वर्षी पाच मॅच खेळल्या आणि पाचही हरल्या. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटत राहायचं, की शेवटच्या मॅचमध्ये काहीतरी होईल आणि आम्ही जिंकू. आम्ही जिंकलो नाही. मी गोलकीपर होते, त्यामुळे हे माझ्याइतकं खात्रीने दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

पण आधी भोंग्याचं सांगायला पाहिजे.

आमचं घर हिंदी मुलखात, खमरियाला, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. बाबा फॅक्टरीत कामाला. संध्याकाळी शिफ्ट सुटल्याचा भोंगा होतो आणि सगळी इस्टेट त्यावर चालते. माणसं घड्याळ जुळवतात, आई चहाचं आधण ठेवते, शेजारच्या काकू अंगणातले कपडे काढतात. आणि मुलींसाठी एक नियम होता : भोंगा झाला की पोरी घरात. तो कुठे लिहिलेला नव्हता. कोणी रागावून सांगितल्याचंही मला आठवत नाही. मुलगे अंधार पडेपर्यंत क्रिकेट खेळत राहायचे आणि आम्ही दोरीवरची उडी अर्धी टाकून घराकडे वळायचो. एकदा लपाछपीत राज्य माझ्यावर होतं. मी शंभरपर्यंत आकडे मोजत असताना भोंगा झाला. डोळे उघडले, शोधायला लागले. कोणी सापडेना. सगळ्या आपापल्या घरी चहात पाव बुडवून खात बसल्या होत्या. मी मात्र आणखी थोडा वेळ शोधलं, कारण खेळाचा नियम तसा होता. घरी उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. ॲडमिशनच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सोबत आले आणि भेटेल त्याला ‘सर’ म्हणाले. शिपायालाही म्हणाले. शिपाई इतका खूश झाला की त्याने आम्हाला खिडकीपर्यंत नेऊन पोहोचवलं. मला वाटलं, इथे असंच बोलायचं असतं. पण पुढे वर्गात मला तेवढंही जमेना. हजेरीच्या वेळी मी ‘प्रेझेंट मॅडम’ म्हणायचे, ते माझ्या बाकापर्यंतही पोहोचायचं नाही. पहिल्या महिन्यात बोर्डावर कमी हजेरीवाल्यांची यादी लागली, तिच्यात माझा नंबर होता. मी एकही दिवस चुकवला नव्हता. घरी सांगायची लाज वाटली. खरं तर मी घरीही हळूच बोलते. जयंतीच्या मिरवणुकीत सगळे घोषणा देतात, तेव्हा मी नुसते ओठ हलवते.

अशा मुलीला फुटबॉलच्या टीममध्ये घ्यायचं कारण एकच होतं. टीमला अकरा जणी लागतात आणि दहाच मिळाल्या होत्या.

भूगोलाच्या मॅडमकडे खेळांचा जादा कार्यभार होता. त्यांनी वर्गात नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

“तुम. खड़ी हो.”

मी उभी राहिले. मॅडमची मान माझ्या डोक्याबरोबर वर वर गेली. मी आईच्या वळणावर आहे, तिच्या माहेरी सगळेच उंच.

“बस,” त्या म्हणाल्या, “गोलकीपर मिल गई.”

मी ‘नको’ म्हणाले होते. ते त्यांना ऐकू आलं नाही.

कॉलेजला स्वतःचं मैदान नव्हतं. टीममधल्या सहा जणी आमच्याच इस्टेटमधल्या, म्हणून कुणाच्या तरी वडिलांनी परवानगी काढली आणि पाण्याच्या टाकीजवळचं आमचं मैदान ठरलं. सराव चार वाजता सुरू व्हायचा आणि भोंग्यानंतर तासभर चालायचा. त्या शेवटच्या तासासाठी मला घरी विचारावं लागलं.

“भोंग्यानंतर?” बाबांनी विचारलं.

आईचं लाटणं थांबलं.

“एकच तास,” मी म्हणाले. “आपल्याच ग्राउंडवर. टाकीजवळ.”

“आणखी कोण कोण आहे?”

मी कॅप्टनचं नाव सांगितलं. ती आमच्याच लाइनीतली, चार क्वार्टर सोडून राहणारी, आणि लहानपणापासून तिचा आवाज आमच्या घरात तिच्या आधी येतो. बाबांनी विचार केला.

“टीमचं काम आहे म्हणून हो म्हणून राहिलो,” ते म्हणाले. “टीम नाही, त्या दिवशी भोंग्याच्या आत. पक्कं?”

“पक्कं.”

तो एक तास मला असा मिळाला. त्यात काही विशेष घडायचं असं नाही. ऊन टाकीवरून उतरायचं. सायकली आणि स्कूटर्स एकदम गेटमधून बाहेर पडायच्या आणि पाच मिनिटांत रस्ता रिकामा व्हायचा. मग टाकीशेजारच्या पिंपळावर पोपट यायचे. दहा-वीस नव्हेत, शेकडो. एवढा कलकलाट करायचे की कॅप्टनचं ओरडणंही त्यात बुडायचं. एकोणीस वर्षं मी त्या इस्टेटमध्ये राहत होते आणि संध्याकाळी तिथे पोपट येतात हे मला माहीत नव्हतं. ते भोंग्यानंतर यायचे ना.

उरलेल्या पाच जणी शहरातून ऑटोने यायच्या. त्यांच्यातली एक शहपुऱ्याची, हॉस्टेलवर राहणारी. तिच्या घरी मटारची शेती. तिला आम्ही ‘शहपुरा’च म्हणायचो. लहानपणापासून शेतातल्या गायी हाकलून तिचे पाय असे झाले होते की आम्ही वळेपर्यंत ती दुसऱ्या टोकाला पोहोचलेली असायची. बॉल मात्र बऱ्याचदा मागेच राहायचा. पहिल्या दिवशी भोंगा झाला तेव्हा ती दचकून उभी राहिली.

“क्या हुआ? आग लगी क्या?”

“शिफ्ट छूटी,” कॅप्टन म्हणाली.

“तो तुम लोग काहे घबरा रही हो?”

आम्ही घाबरलो नव्हतो. आम्ही सहाही जणी फक्त घराकडे तोंड करून उभ्या होतो.

पहिली मॅच दुसऱ्यांच्या मैदानावर झाली. सात-शून्य. पाचव्या गोलनंतर कॅप्टन धापा टाकत माझ्याकडे आली.

“ओरड वं! गोलकीपरनं ओरडायचं असते!”

“काय ओरडू?”

“काहीपण! ‘माझा’ म्हण, ‘मागं पाहा’ म्हण, शिव्या दे!”

मी हो म्हणाले. पुढच्या वेळी बॉल आला तेव्हा माझ्यासमोर आमचीच एक मुलगी आडवी उभी होती, आमच्यापेक्षा एक वर्ष पुढची. मी म्हणाले, “दीदी, ज़रा हटेंगी?” तिने वळून विचारलं, “हाँ? क्या?” तेवढ्यात सहावा झाला. हा संवाद त्यानंतर टीममध्ये वर्षभर चालला. कोणी बसमध्ये वाट अडवली, कोणी कँटीनच्या खिडकीशी उभं राहिलं, की मागून हळूच : दीदी, ज़रा हटेंगी?

दुसरी मॅच आमच्या मैदानावर होती. समोरची टीम शहरातल्या एका कॉलेजची. रेफ्री म्हणजे एक निवृत्त पीटी मास्तर, पांढरी टोपी, गुडघ्यांना पट्टे. ते पळायचे कमी आणि मैदानाच्या मध्यावरून मान जास्त फिरवायचे. हाफ टाइमपर्यंत आम्ही फक्त दोनने मागे होतो. मॅडमनी बिस्किटं वाटली. शेवटची दहा मिनिटं राहिली आणि भोंगा झाला.

पुढे जे झालं, ते आमच्याशिवाय कोणत्याच टीमने कधी केलं नसेल. आम्ही सहा जणी थांबलो. ठरवून नाही. एकीने केस सोडून पुन्हा बांधायला घेतले. एक साइडलाइनकडे चपला शोधायला निघाली. कॅप्टनने, जिचा आवाज सबंध लाइनीला ऐकू जातो त्या कॅप्टनने, पायातला बॉल तसाच सोडला आणि खांदे खाली टाकले. मी एक हातमोजा काढला होता. समोरच्या मुलींना आधी कळेना. मग त्यांच्यातली एक बॉल घेऊन चालतच आली, मला वाटतं तिला धावायची लाज वाटली असावी, आणि तिने बॉल माझ्या शेजारून आत सरकवला. मी तिला वाट दिली.

मग आम्हाला जाग आली. कॅप्टन रेफ्रीकडे धावली.

“सर, यह गोल नहीं है! हूटर हुआ था!”

रेफ्रींनी टोपी सारखी केली. “सीटी मैं बजाता हूँ बेटा, फ़ैक्टरी नहीं.”

गोल लागला. त्या मॅचमध्ये आणखी दोन लागले.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेले. कॉलेजात प्रत्येक गोष्टीचं एक पुस्तक असतं आणि ते आधी वाचायचं असतं, असा माझा समज होता. तो अजूनही पूर्ण गेलेला नाही. एका कोपऱ्यात खेळांच्या नियमांचं हिंदी पुस्तक सापडलं. ते मी घरी नेऊन फुटबॉलचे सगळे नियम वहीत उतरवून काढले, ऑफसाइड तीनदा, कारण कळत नव्हता. रेफ्रीची शिट्टी होईपर्यंत खेळ चालू राहतो हे मिळालं. पण प्रेक्षकांतून कोणी शिट्टी वाजवली आणि त्याने खेळाडूंचा गोंधळ झाला, तर रेफ्री खेळ थांबवू शकतो, असंही मिळालं. भोंग्याबद्दल काहीच नव्हतं. मी दोनदा पाहिलं.

“आता काय,” कॅप्टन माझी वही चाळत म्हणाली, “तू वहीनं गोल अडवून राहिली का?”

पण भोंग्याचा धसका तिलाही बसला होता. तिने ठरवलं, की भोंगा झाला तरी थांबायचं नाही, याचा सराव करायचा. अडचण एवढीच, की भोंगा संध्याकाळी एकदाच व्हायचा, म्हणजे रोज एकदाच सराव. त्यात आम्ही रोज थांबायचो. मॅडमनी यावर उपाय म्हणून मोबाइलमध्ये भोंगा रेकॉर्ड करून आणला आणि मधून मधून वाजवू लागल्या. मोबाइलच्या भोंग्याला आमच्यापैकी एकीनेही भीक घातली नाही. मॅडम खूश झाल्या. “देखा! सुधार है!” मग खरा भोंगा झाला आणि आम्ही थांबलो. शहपुरा मैदानात बसून पोट धरून हसत होती. तोपर्यंत ती आमच्याकडून थोडं मराठी शिकली होती. “काहून थांबली वं?” ती एकेकीला विचारत फिरली. “काहून?”

तिसरी मॅच सहा-शून्य.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला रिकाम्या वर्गात बसवलं. आफ्रिकेचा नकाशा फळ्यावर तसाच होता. त्या आमच्याकडे न बघता नकाशाकडे बघून बोलल्या. प्रिन्सिपल मॅडमचं म्हणणं असं होतं, की टीम हरते याला त्यांची हरकत नाही, पण एक सबंध सीझन खेळून टीमने एकही गोल केला नाही, तर पुढच्या वर्षी ती पाठवायचं कारण काय? जर्सी खो-खोला देऊन टाकू.

“तो कितने गोल चाहिए, मैडम?” कोणीतरी विचारलं.

“एक,” मॅडम म्हणाल्या. “मैंने बात करके एक पर लाया है. पहले वो जीतने का बोल रही थीं.”

बाकीच्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. शहपुरा जर्सीची बाही ओढत म्हणाली, की खो-खोवाल्यांना ही ढगळच होईल. मला हसू आलं नाही. मला एकदम बाबांचं बोलणं आठवलं. टीम नाही, त्या दिवशी भोंग्याच्या आत. टीमच नसेल तर रोजच. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. अजून बारापण वाजले नव्हते, आणि मला वाटत होतं की भोंगा होईल आणि सगळ्या उठून जातील आणि मी शोधत राहीन.

घरी मी काही सांगितलं नाही. बाबांनी मॅचचं विचारलं की मी म्हणायचे, “झाली.” ते म्हणायचे, “अच्छा.” त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. एकदा त्यांनी मला विचारलं होतं, की सगळ्या धावत असतात आणि तू तिथे एकटी उभी काहून राहते, तुला शिक्षा झाली का.

चौथी मॅच चार-शून्य. आम्ही जवळजवळ आनंद साजरा केला, कारण शहपुऱ्याचा एक बॉल खांबाला लागून परत आला. खांबाचा तो ‘ठण्ण’ आवाज ऑटोत परत येताना आम्ही एकमेकींना तोंडाने काढून दाखवला. खांब चार बोटं पलीकडे असता तर! त्यावर कॅप्टन म्हणाली, खांब चार बोटं पलीकडे असता, तर आपल्यावर आठ झाले असते.

उरली एक मॅच. ती आमच्या मैदानावर.

समोरची टीम शहराच्या दुसऱ्या बाजूची, तिकडच्या फॅक्टरीच्या इस्टेटजवळच्या कॉलेजची. रेफ्री तेच, पांढऱ्या टोपीचे. मॅचच्या आधी आम्ही सगळ्या एकाच नळावर पाणी प्यायलो. शहपुऱ्याने मटारच्या शेंगांची पिशवी आणली होती, ती दोन्ही टीममध्ये फिरली. त्यांच्या गोलकीपरने शेंग सोलता सोलता मला विचारलं, “तुम्हारे यहाँ हूटर कितने बजे होता है?” मी सांगितलं. “अच्छा,” ती म्हणाली, “हमारा पाँच मिनट पहले होता है.” आणि हसली. माझ्या तेव्हा काही लक्षात आलं नाही.

त्या चांगलं खेळायच्या. हाफ टाइमला तीन-शून्य, मग चार. मॅडमनी बिस्किटांचा पुडा फोडलाच नाही, हातात धरून बसल्या. मी एक-दोन बॉल बरे अडवले, पण त्याने काय होणार होतं? गोल अडवून गोल होत नाही. मधून मधून मी पिंपळाकडे बघत होते. पोपट अजून आले नव्हते.

शेवटची काही मिनिटं राहिली असतील. त्यांना कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला, मी उडी मारली आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं, बॉल माझ्या हातात बसला. मी खाली आले आणि त्याच क्षणी भोंगा झाला.

सगळं थांबलं. आमच्या सहा जणी थांबल्या, हे तर होणारच होतं; आमच्यामुळे शहरातल्या चौघीही आता थांबायला शिकल्या होत्या. पण त्यांच्याही थांबल्या. कॉर्नरसाठी त्या सगळ्या माझ्या गोलसमोर गोळा झाल्या होत्या, आणि एकेकीचे खांदे खाली गेले. एकीने जर्सी झटकली. एक जण “चलो” म्हणाली. तिकडे पार दुसऱ्या टोकाला त्यांची गोलकीपर पाठ करून वाकली आणि खांबामागे ठेवलेली आपली सॅक उचलू लागली. तिच्या घरीही तोच नियम असणार, तिच्याच काय, त्या सगळ्यांच्या घरी. आणि मीही वळले होते. माझी बोटं बॉलवर सैल झाली होती आणि माझं तोंड आमच्या क्वार्टरच्या दिशेला होतं.

सबंध मैदानात एकच मुलगी वळली नव्हती. मध्यरेषेच्या अलीकडे शहपुरा कमरेवर हात ठेवून उभी होती आणि आमच्या सगळ्यांकडे बघत होती, जणू विचारत होती, काहून?

मी ओरडले.

काय ओरडले ते मला नीट आठवत नाही. कॅप्टन सांगते, ‘शहपुराऽऽ, पळ!’ असं. माझ्या घशातून तसा आवाज त्याआधी कधी निघाला नव्हता. जवळची एक मुलगी दचकून बाजूला झाली. मी बॉल सोडला आणि जीव खाऊन लाथ मारली. शहपुरा तेव्हा धावायलाच लागली होती. या वेळी बॉल मागे राहिला नाही. त्यांच्या गोलकीपरने आवाज ऐकून मागे पाहिलं. एक खांदा सॅकच्या पट्ट्यात अडकलेला, एक मोकळा. शहपुऱ्याने बॉल मारलासुद्धा नाही. त्याच्या मागे मागे धावत तिने त्याला रेषेच्या आत हाकलला, गाय गोठ्यात हाकलतात तसा.

मग एकदम आरडाओरडा झाला. त्यांची कॅप्टन रेफ्रीकडे धावली. “सर, हूटर हो गया था! सब रुक गए थे, आप पूछ लीजिए!”

रेफ्रींनी आमच्या कॅप्टनला विचारलं, “तुम भी रुकी थीं?”

आमची कॅप्टन आवाजाने मोठी आहे, पण खोटं तिला बोलता येत नाही. “जी सर,” ती म्हणाली. “रुकी तो थी.”

मॅडम साइडलाइनवर उभ्या राहिल्या. बिस्किटांचा पुडा त्यांच्या हातात चुरला होता.

मी माझ्या जागेवरून सगळं बघत होते. गोलकीपरला तेवढ्या लांब जायचं काही कारण नसतं. पण रेफ्रींचा हात टोपीकडे गेला आणि ते काहीतरी ठरवणार असं मला दिसलं. मग मी चालायला लागले. मैदान फार मोठं वाटलं. चालताना मला माझी वही पानापानाने आठवत होती, आणि त्यातलं ते दुसरं वाक्यही आठवत होतं, जे आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

“सर,” मी म्हणाले.

“ज़ोर से,” रेफ्री म्हणाले.

“सर, नियम में लिखा है, बाहर की सीटी से गड़बड़ हो जाए तो रेफ्री खेल रोक सकता है.”

कॅप्टनने मला मागून कचकचून चिमटा काढला. “काय सांगून राहिली वं? कोणाच्या बाजूनं हायेस?”

“पण ते शिट्टीचं आहे,” मी घाईने तिला म्हणाले आणि पुन्हा रेफ्रींकडे वळले. आता माझा आवाज खाली यायलाच तयार नव्हता. “हूटर का उसमें कुछ नहीं लिखा. मैंने दो बार देखा. और सर, दूसरे मैच में हम ऐसे ही रुक गए थे. तब आपने गोल दिया था. आपने कहा था, सीटी मैं बजाता हूँ, फ़ैक्टरी नहीं.”

मैदानाच्या कडेला कोणीतरी हसलं. मी वळून पाहिलं नाही.

रेफ्री माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी समोरच्या टीमच्या कॅप्टनकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मला वाटतं, भोंगा झाला तेव्हा त्यांनीही घड्याळ जुळवायला घेतलं होतं. “कहा तो था,” ते स्वतःशीच म्हणाले. “उस दिन दिया था, तो आज भी देना पड़ेगा.” आणि त्यांनी शिट्टी वाजवून मध्याकडे हात केला.

आम्ही चार-एकने हरलो. शेवटची शिट्टी झाली तेव्हा हरलेली टीम नाचत होती आणि जिंकलेली टीम तिच्याकडे बघत उभी होती. मग त्यांची गोलकीपर सॅक अडकवून माझ्याकडे आली. “चार मारे हमने,” ती म्हणाली, “और नाच तुम रही हो.” मी तिला जर्सीचं, खो-खोचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तो पहले बोलना था ना, मटर खाते टाइम.” आणि निघाली. तिला खरोखरच उशीर झाला होता.

मॅडमनी चुरा झालेली बिस्किटं ओंजळी-ओंजळीने वाटली. जर्सी आमच्याकडेच राहिल्या. पुढच्या आठवड्यात वर्गात हजेरी सुरू झाली आणि माझा नंबर आला. मी ‘प्रेझेंट’ म्हणाले. मॅडम रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाल्या, “धीरे. यह क्लास है, ग्राउंड नहीं.”

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी हातमोजे काढत होते, तेव्हा तारेच्या कुंपणापाशी शिफ्ट सुटलेली दहा-बारा माणसं सायकली धरून उभी असलेली दिसली. त्यांच्यात बाबा होते. हँडलला डबा लटकत होता.

“ते ओरडणं तुझं होतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“गेटपर्यंत आलं ऐकू. मी म्हटलं, कोणाच्या पोरीला काय झालं.” त्यांनी लटकता डबा सारखा केला. “जिंकल्या का?”

“नाही. चार-एक.”

“मग नाचून काहून राहिल्या होत्या?”

मी सांगितलं. प्रिन्सिपल मॅडमचं, एका गोलचं, आणि टीम गेली असती तर काय झालं असतं तेही. हे शेवटचं सांगताना माझा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला, पण बाबांना ऐकू गेलं.

“म्हणजे पुढच्या वर्षीपण भोंग्यानंतर,” ते म्हणाले.

“हो. एकच तास.”

ते काहीतरी म्हणणार होते, पण तेवढ्यात टाकीच्या बाजूने पोपट आले. आधी दोन-चार, मग एकदम आभाळ भरून. पिंपळ हलायला लागला. बाबा मान वर करून बघत राहिले. चोवीस वर्षं ते भोंगा झाला की गेटमधून निघून सरळ घरी येत होते.

“हे रोज येतात?” त्यांनी विचारलं.

कलकलाटात मला ओरडूनच सांगावं लागलं. “रोज! भोंग्यानंतर!”

बाबांनी सायकल स्टँडवर लावली.